ग्रामीण दवाखान्यांसाठी अमेरिकेतील दूरसंचार अनुदान : कोणाची जबाबदारी कोणती?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील लहान गावांत काम करणारे मराठी डॉक्टर, तिथल्या आरोग्य केंद्रांची संगणक-यंत्रणा सांभाळणारे अभियंते आणि पुण्या-नागपूरहून अमेरिकी रुग्णालयांचे कागदपत्रांचे काम पाहणारी मंडळी या अनुदानाविषयी सतत विचारणा करत असतात. मी स्वतः काही वर्षे अशा अर्जांचे काम केले आहे. बहुतेक अडचणींचे मूळ एकाच गोष्टीत असते, ते म्हणजे कोणते काम कोणाचे, हे ठाऊक नसणे. म्हणून खालील उत्तरांत रकमांपेक्षा जबाबदाऱ्यांवर भर दिला आहे.

१. हे अनुदान कशासाठी आहे आणि त्याला कायद्याचा आधार काय?

अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यातील कलम २५४ हा त्याचा आधार आहे. ग्रामीण भागातील सार्वजनिक किंवा ना-नफा आरोग्य संस्थेला दूरसंचार सेवा शहरातल्या दराशी मिळत्याजुळत्या दराने मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्या कलमात आहे आणि १९९७ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजेच एफसीसीने, त्यासाठी नियम केले. पक्षाघाताचा रुग्ण बारा खाटांच्या गावच्या रुग्णालयात येतो, तेव्हा तिथे मेंदूविकारतज्ज्ञ नसतो. सीटी स्कॅनच्या प्रतिमा दोनशे मैलांवरच्या तज्ज्ञाकडे पाठवाव्या लागतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या साडेचार तासांतली वीस मिनिटे संथ जोडणीत गेली, तर तो रुग्ण पुन्हा चालेल की नाही, हे त्यावर ठरू शकते. या अनुदानाकडे केवळ बिलातली सवलत म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते ते यामुळेच.

२. हा पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे करातून येतो का?

नाही. आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार सेवा देणाऱ्या कंपन्यांना त्या महसुलाचा ठरावीक हिस्सा ‘युनिव्हर्सल सर्व्हिस फंड’मध्ये भरावा लागतो. हा हिस्सा दर तिमाहीला जाहीर होतो आणि २०२४ मध्ये तो एक-तृतीयांशाच्या आसपास होता. कंपन्यांना तो ग्राहकांकडून वसूल करण्याची मुभा आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या फोनच्या बिलावर तळाशी याच नावाची एक ओळ बहुतेकांनी पाहिलेली असते. शाळा व ग्रंथालये, कमी उत्पन्नाची कुटुंबे, दुर्गम भागात सेवा देणाऱ्या कंपन्या आणि ग्रामीण आरोग्यसेवा या चार कामांसाठी हा निधी वापरला जातो. ही व्यवस्था घटनाबाह्य असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली.

३. एफसीसी आणि यूसॅक एकच आहेत का? आम्हाला पत्रे तर यूसॅककडूनच येतात.

एकच नाहीत आणि या दोहोंतला फरक नीट समजला की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. एफसीसी ही केंद्रीय नियामक संस्था आहे. नियम करणे, ते बदलणे, निधीची वार्षिक मर्यादा ठरवणे, नियमांतून अपवाद देणे आणि अपिलांवर अंतिम निर्णय देणे हे तिचे काम आहे, आणि यातले दैनंदिन कामकाज तिचा वायरलाइन कॉम्पिटिशन ब्यूरो पाहतो. युनिव्हर्सल सर्व्हिस अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह कंपनी, म्हणजे यूसॅक, ही एफसीसीने प्रशासक म्हणून नेमलेली ना-नफा कंपनी आहे. तिच्या संचालक मंडळात दूरसंचार कंपन्यांबरोबरच शाळा, ग्रंथालये, ग्राहक आणि ग्रामीण आरोग्यसेवा यांचेही प्रतिनिधी असतात. अर्ज स्वीकारणे, सेवेची मागणी संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे, छाननी करणे, निधी मंजुरीचे पत्र देणे, देयके चुकती करणे आणि लेखापरीक्षण करवून घेणे ही कामे यूसॅक करते.

तिच्या अधिकारांना मात्र स्पष्ट मर्यादा आहे. यूसॅकला धोरण ठरवता येत नाही, आणि एखादा नियम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ स्वतःच्या मनाने लावता येत नाही. तिला एफसीसीकडे विचारणा करावी लागते. त्यामुळे ‘आमची परिस्थिती वेगळी आहे, एवढ्या वेळेस चालवून घ्या’ अशी विनंती यूसॅकच्या छाननी अधिकाऱ्याला करून काही साधत नाही. तो कितीही सहृदय असला तरी अपवाद करण्याची सत्ता त्याच्याकडे नाही. त्यासाठी कुठे जावे, हे प्रश्न १५ मध्ये दिले आहे.

४. मग दवाखान्याचे स्वतःचे काम कोणते?

आपली गरज ठरवणे, पात्रता सिद्ध करणे, सेवेची मागणी मांडणे, आलेल्या प्रस्तावांची तुलना करून कंपनी निवडणे, आपला हिस्सा भरणे आणि सगळे कागद जपून ठेवणे, एवढी कामे दवाखान्याची आहेत. अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रमाणित करणारी व्यक्ती दवाखान्याच्या वतीने कायदेशीर जबाबदारी घेत असते. मदत कितीही जणांची घेतली तरी ही जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येत नाही. व्यवस्थापकाने सही करण्यापूर्वी अर्ज संपूर्ण वाचावा, हे सांगण्याची वेळ यावी असे वाटत नाही, पण वारंवार येते.

५. आमचा दवाखाना पात्र आहे का?

पात्र प्रकार कायद्यातच ठरलेले आहेत. ना-नफा रुग्णालये, ग्रामीण आरोग्य क्लिनिक, सामुदायिक आरोग्य केंद्रे आणि स्थलांतरित मजुरांना सेवा देणारी केंद्रे, स्थानिक आरोग्य विभाग, सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रे, वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या उच्च शिक्षण संस्था आणि अशा संस्थांचे समूह या यादीत येतात. २०१६ च्या कायद्याने कुशल परिचर्या केंद्रे त्यात जोडली. संस्था सार्वजनिक किंवा ना-नफा असणे बंधनकारक आहे. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांचे खासगी क्लिनिक गावातले एकमेव असले तरी ते या यादीत बसत नाही, आणि औषधाचे दुकानही बसत नाही. नफा कमावणाऱ्या ग्रामीण रुग्णालयाचा समर्पित आपत्कालीन विभाग हा एक महत्त्वाचा अपवाद आहे. तो विभाग पात्र ठरू शकतो, रुग्णालयाचा उरलेला भाग नाही.

पात्रता जागेगणिक तपासली जाते. एकाच संस्थेच्या चार शाखा असतील तर चारही पत्त्यांची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते.

६. ‘ग्रामीण’ कोणाला म्हणायचे? आमच्या गावाला तर सगळेच खेडे म्हणतात.

ते जनगणनेच्या सीमांवर ठरते. महानगर किंवा लघुनगर क्षेत्राच्या पूर्णपणे बाहेर असलेली जागा ग्रामीण धरली जाते. अशा क्षेत्राच्या आत असूनही त्या क्षेत्रात २५,००० किंवा अधिक वस्तीचा नागरी भाग नसेल, तरीही ती ग्रामीण असते. तसा नागरी भाग असला, पण दवाखाना ज्या जनगणना-तुकड्यात आहे त्या तुकड्याला २५,००० हून मोठ्या वस्तीचा कोणताही भाग स्पर्श करत नसला, तरीही जागा ग्रामीण मानली जाते. यूसॅकच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून हे पाहता येते. नव्या जनगणनेनंतर सीमा सरकतात, म्हणून जुन्या उत्तरावर विसंबून राहू नये.

७. दोन योजना आहेत असे ऐकले. त्यांत फरक काय?

जुनी योजना म्हणजे टेलिकम्युनिकेशन्स प्रोग्रॅम. यात ग्रामीण दर आणि शहरी दर यांतील फरक निधीतून दिला जातो. समजा, गावात एखाद्या जोडणीचा दर महिना ३,००० डॉलर आहे आणि त्याच राज्यातील ५०,००० किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरात तशाच सेवेचा दर ४०० डॉलर आहे. अशा वेळी दवाखाना ४०० डॉलर भरतो आणि २,६०० डॉलर निधीतून येतात. अलास्कासारख्या ठिकाणी जिथे रस्ताच नाही आणि जोडणी उपग्रहावरून घ्यावी लागते, तिथे ही योजना जीव धरून ठेवते.

दुसरी योजना म्हणजे हेल्थकेअर कनेक्ट फंड, जी २०१२ च्या आदेशाने आली. तिचे गणित सरळ आहे. पात्र खर्चाच्या ६५ टक्के रक्कम निधी देतो आणि ३५ टक्के दवाखाना भरतो. तीत ब्रॉडबँड जोडणी आणि काही प्रमाणात नेटवर्कची उपकरणे बसतात.

जबाबदारीतही फरक आहे. पहिल्या योजनेत ‘ग्रामीण दर’ किती, हे सिद्ध करण्याचा भार मुख्यतः कंपनीवर येतो आणि तो दर फुगवलेला आढळला तर परिणाम गंभीर असतात. अलास्कातील एका मोठ्या कंपनीने अशाच आरोपांच्या तडजोडीपोटी २०२३ मध्ये ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. सेवा देणारी कंपनी पहिल्या योजनेत दूरसंचार वाहक असावी लागते, दुसऱ्या योजनेत ती अट नाही. शहराशी जोडलेल्या आणि फार महाग नसलेल्या जागेसाठी मी दुसरी योजना सुचवीन.

८. आमचे ३५ टक्के कंपनीने माफ केले किंवा ‘देणगी’ म्हणून दिले तर चालेल का?

नाही, ते स्पष्टपणे निषिद्ध आहे. सेवापुरवठादाराकडून किंवा इतर नफाधारी संस्थेकडून आलेला पैसा या हिश्श्यात धरता येत नाही. दवाखान्याचा स्वतःचा पैसा, राज्याचे अनुदान किंवा युनिव्हर्सल सर्व्हिस फंड सोडून इतर केंद्रीय अनुदान चालते. हा हिस्सा ठेवण्यामागचा हेतू मला योग्य वाटतो. स्वतःच्या खिशातून ३५ टक्के जात असतील तर दवाखाना गरजेपेक्षा मोठी जोडणी घेताना दोनदा विचार करतो.

९. २८ दिवसांची अट नेमकी कशी मोजायची?

यूसॅकने तुमची सेवेची मागणी संकेतस्थळावर प्रसिद्ध केल्यापासून किमान २८ दिवस थांबावे लागते, जेणेकरून कोणत्याही कंपनीला प्रस्ताव देता यावा. त्याआधी कंपनी निवडता येत नाही आणि करारावर सहीही करता येत नाही. कोणत्या तारखेनंतर निवड करता येईल, हे यूसॅक कळवते. तीच तारीख प्रमाण मानावी.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका लहान क्लिनिकच्या व्यवस्थापक बाईंनी टेबलामागच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारून अठ्ठावीस दिवस मोजले होते. पहिली फुली मात्र अर्ज पाठवला त्या दिवसावर होती. यूसॅकने तो तपासून प्रसिद्ध केला तो त्यानंतर पाच दिवसांनी. करारावरची सही तेविसाव्या दिवशीची ठरली आणि त्या वर्षाचे सगळे अनुदान गेले. कंपनी योग्य होती, दर सर्वांत कमी होता, कोणाचाही हेतू वाईट नव्हता, तरीही काही करता आले नाही. ते कॅलेंडर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

निवड करताना किंमत हा एक निकष असला तरी तो एकमेव असण्याची गरज नाही. विश्वसनीयता, तक्रार निवारणाचा वेग, आधीचा अनुभव यांनाही गुण देता येतात, मात्र ते निकष आधीच लेखी ठरलेले हवेत.

१०. निविदेच्या प्रक्रियेतून कधी सूट मिळते का?

हेल्थकेअर कनेक्ट फंडमध्ये काही सवलती आहेत. वर्षाचा एकूण पात्र खर्च, म्हणजे सवलत वजा करण्यापूर्वीची रक्कम, १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, सरकारी मुख्य करारातून सेवा घेतली असेल, किंवा आधीचा बहुवर्षीय करार यूसॅकने ‘एव्हरग्रीन’ म्हणून मान्य केला असेल, तर दरवर्षी नव्याने निविदा काढावी लागत नाही. कराराची मुदत वाढवण्याची तरतूद मूळ करारातच लिहिलेली असावी लागते, मागाहून जोडलेली चालत नाही.

११. कंपनीचा माणूस म्हणतो, ‘अर्ज आम्हीच भरून देतो.’ ही मदत घ्यावी का?

घेऊ नये. ज्याला निविदेत भाग घ्यायचा आहे त्याने मागणीचा मजकूर लिहिणे, निकष ठरवणे किंवा कंपनी निवडणाऱ्यांत बसणे म्हणजे स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच तिचा निकाल लावणे होय. कंपनीने आपल्या सेवेची माहिती सर्वांना समान रीतीने द्यावी, एवढाच तिचा अधिकार आहे. स्वतंत्र सल्लागार नेमता येतो, पण त्याचे नाव जाहीर करावे लागते, त्याला लेखी अधिकारपत्र द्यावे लागते आणि त्याचे कोणत्याही बोली लावणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंध असता कामा नयेत. सल्लागाराची फी अनुदानात बसत नाही. भेटवस्तूंवरही मर्यादा आहे. २०१९ च्या आदेशानुसार एका वेळी २० डॉलरपर्यंत आणि एका स्रोताकडून निधी-वर्षात एकूण ५० डॉलरपर्यंतच वस्तू घेता येते. दिवाळीचा फराळाचा डबा चालेल, सुकामेव्याची मोठी पेटी परत पाठवावी.

१२. कन्सॉर्शियममध्ये सामील झालो तर आमची कामे कमी होतात का?

कमी होतात, संपत नाहीत. कन्सॉर्शियम, म्हणजे दवाखान्यांचा समूह, हेल्थकेअर कनेक्ट फंडमध्ये एकत्र अर्ज करतो. समूहप्रमुख निविदा काढतो, अर्ज भरतो, देयकांवर लक्ष ठेवतो आणि यूसॅकशी पत्रव्यवहार करतो. प्रत्येक सदस्याने त्याला लेखी अधिकारपत्र द्यावे लागते. सदस्याने आपल्या जागेची खरी माहिती देणे, आपला हिस्सा वेळेवर भरणे आणि बदल झाल्यास कळवणे ही कामे त्याचीच राहतात.

शहरी रुग्णालयेही समूहात येऊ शकतात, मात्र निम्म्याहून अधिक सदस्य ग्रामीण असावे लागतात. ४०० किंवा अधिक खाटांच्या मोठ्या शहरी रुग्णालयांना मिळणाऱ्या रकमेवर वेगळी मर्यादा आहे. ही रुग्णालये समूहात असणे गावाच्या हिताचे असते, कारण सल्ला देणारा तज्ज्ञ तिथेच बसलेला असतो.

१३. मंजुरी मिळाली. आता पैसे आमच्या खात्यात कधी येतील?

पैसे दवाखान्याच्या खात्यात येत नाहीत, ते कंपनीला जातात. हेल्थकेअर कनेक्ट फंडमध्ये दवाखाना किंवा समूहप्रमुख ४६३ क्रमांकाचा देयक-फॉर्म तयार करतो, कंपनी तो प्रमाणित करून यूसॅककडे पाठवते आणि यूसॅक कंपनीला पैसे देते. म्हणजे दोघांच्या सहीशिवाय पैसा हलत नाही. निधी-वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते, आणि देयक सादर करण्यासाठी साधारणतः त्यानंतर १२० दिवस मिळतात. एकदाच तेवढीच मुदतवाढ मागता येते. ही मुदत चुकली तर मंजूर रक्कमही हातची जाते. कंपनी ‘पाठवले आहे’ असे तोंडी सांगत असेल, तर यूसॅकच्या पोर्टलवर स्वतः खात्री करून घ्यावी.

१४. संगणक, टेलिमेडिसिनची उपकरणे किंवा रुग्णाच्या घरचे इंटरनेट यांचा खर्च मिळतो का?

या दोन योजनांत मिळत नाही. निधी जोडणीसाठी आहे. संगणक, वैद्यकीय उपकरणे, सॉफ्टवेअर आणि कर्मचाऱ्यांचे वेतन त्याबाहेर आहे. रुग्णाच्या घरापर्यंतच्या जोडणीसाठी एफसीसीने १० कोटी डॉलरचा ‘कनेक्टेड केअर’ पथदर्शी कार्यक्रम वेगळा केला होता. त्यात पात्र खर्चाच्या ८५ टक्के मदत होती, पण ती निवडलेल्या प्रकल्पांपुरती होती. कोविडच्या काळात उपकरणांसाठी मिळालेला पैसा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, वेगळ्या तरतुदीतून आला होता, या निधीतून नव्हे.

१५. अर्ज नामंजूर झाला. दाद कोणाकडे मागायची?

आधी यूसॅककडे, निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत. तिथेही नकार आला तर पुढील ६० दिवसांत एफसीसीकडे. तुम्हाला नियमाचा चुकीचा वापर झाल्याचे दाखवायचे नसून नियमातूनच अपवाद हवा असेल, तर थेट एफसीसीकडे अर्ज करावा, कारण यूसॅकला तो अधिकार नाही. प्रश्न ३ मध्ये हे आले आहे. अपिलात तारखा, ईमेल आणि पोर्टलवरील नोंदी जोडाव्यात. ‘आमच्या गावाला गरज आहे’ हे खरे असले तरी तेवढ्यावर निर्णय फिरत नाही.

१६. मागणी निधीपेक्षा जास्त झाली तर कोणाला आधी मिळते?

सुरुवातीला मर्यादा वर्षाला ४० कोटी डॉलर होती. २०१६ च्या निधी-वर्षात मागणी तिच्यापुढे गेली आणि मंजूर रकमांत सुमारे साडेसात टक्के कपात झाली. ज्या क्लिनिकने आधीच करार केलेला होता, त्याला ती तूट स्वतः भरावी लागली. २०१८ मध्ये एफसीसीने मर्यादा ५७.१ कोटींवर नेऊन महागाईशी जोडली, आणि २०२४ च्या निधी-वर्षात ती ७० कोटींच्या वर होती. २०१९ च्या आदेशाने सरसकट कपातीऐवजी प्राधान्याच्या आठ पायऱ्या ठरवल्या. अतिग्रामीण आणि वैद्यकीय सेवांची टंचाई असलेला भाग सर्वांत वरच्या पायरीवर आहे. हा बदल न्याय्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

१७. लेखापरीक्षणात चूक निघाली तर पैसे कोण परत करतो?

ज्याच्या हातून नियमभंग झाला त्याच्याकडून वसुली होते. पात्रतेची खोटी माहिती दिली असेल तर दवाखान्याकडून, न दिलेल्या सेवेचे बिल लावले असेल तर कंपनीकडून. यूसॅकचे लेखापरीक्षक, एफसीसीच्या महानिरीक्षकांचे कार्यालय आणि गंभीर प्रकरणी न्याय विभाग या वेगवेगळ्या पातळ्या आहेत. सर्व कागद किमान पाच वर्षे ठेवावे लागतात, ज्यांना नकार दिला त्या कंपन्यांचे प्रस्तावसुद्धा. व्यवस्थापक नोकरी सोडून गेला की त्याच्या ईमेलबरोबर पुरावाही जातो, म्हणून प्रती संस्थेच्या सामायिक फोल्डरमध्ये असाव्यात.

१८. भारतात अशी व्यवस्था आहे का?

तत्त्व तेच, रचना वेगळी. भारतात २००२ पासून युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड होता, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर झाले. कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटला त्यातून पैसा मिळतो. मात्र एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राने स्वतः निविदा काढून, कंपनी निवडून बिलात सवलत मागावी, अशी अमेरिकेतल्यासारखी सोय तिथे नाही. त्यामुळे गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांनी या पानावरची अर्जपद्धती आपल्याला लागू आहे असे समजू नये.

१९. वर्षाच्या मध्येच आमचा दवाखाना एका नफाधारी कंपनीने विकत घेतला, किंवा आम्ही नव्या इमारतीत गेलो. पुढे काय?

नाव, पत्ता किंवा संस्थेचा प्रकार बदलला तर यूसॅकला ३० दिवसांच्या आत कळवावे लागते. नव्या इमारतीची जागा ग्रामीण आहे का, हे पुन्हा तपासले जाते, मग ती जुन्या इमारतीपासून दोन मैलांवर का असेना. मालकी नफाधारी संस्थेकडे गेली तर त्या दिवसापासून पात्रता संपते. त्यानंतरच्या काळाचे देयक सादर करू नये आणि कंपनीने चुकून लावले असेल तर ते थांबवावे. हस्तांतराची तारीख ठरताच, सही होण्यापूर्वी, समूहप्रमुखाला आणि सेवापुरवठादाराला लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत प्रश्न १७ मध्ये सांगितलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी.